कळवतो

सर, सापडलं! तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, आणि सांगायला नेमके तुम्हीच नाही. म्हणून हे लिहितोय.

पेणच्या शाळेत गॅदरिंगला तुम्ही ते जुनं शोकांत नाटक बसवलंत. मी गडब गावाहून एसटीने येणारा. मला काम दिलंत ते मुलीला सांगून आलेल्या, नाकारलेल्या तरुणाचं, जो पुढे सगळ्यांचे कान भरून अख्ख्या घराचं वाटोळं करतो. तालमीत तुम्ही खडू फेकून मारलात. "नुसते डोळे काय वटारतोस, गाढवा? ह्याला राग कशाचा आलाय?" मी म्हटलं, "पोरगी मिळाली नाय म्हनून." "चूक! पोरी काय कमी आहेत? जा, पुन्हा वाच." वाचलं हो, सर. तुम्ही गेलात, मी रोह्याला कंपनीत लागलो, डोक्यावरचे केस गेले, तरी वाचतोच आहे.

आता कंपनीतल्या मंडळींना घेऊन तेच नाटक बसवतोय. आज सकाळी स्वयंपाकघरात पहिला अंक मोठ्याने वाचत होतो. बायको बिरड्यासाठी वाल सोलत बसलेली. मधेच म्हणते, "अवो, थांबा. त्या पोरीच्या बापानं पोराला 'कळवतो' सांगितलं ना? मग कळवलं कवा?"

भराभरा पानं उलटली. दुसरा अंक, तिसरा, पार शेवटचा. कुठेच नाय! तिकडे पोरीच्या दुसऱ्याशी लग्नाचा मांडव उभा राहिला, वाजंत्री वाजली, आणि हा अजून निरोपाची वाट बघतोय. नकाराचा राग नव्हेच तो, सर! साधं 'नाय' म्हणण्याइतकीही कुणी किंमत दिली नाही, त्याचा राग आहे. मी खुर्चीवरून उडालोच. म्हटलं, अगं, तू तर सरांच्या वरताण निघालीस!

ती हसली नाही. "न् जोह्याच्या पोराला तुमी काय कळवलंत?"

जोहे गावचा, गणपती रंगवणारा मुलगा, सर. आमच्या लेकीला बघायला आला होता, महिना झाला. लेक त्याच संध्याकाळी स्पष्ट नाय म्हणाली. मी मात्र निघताना त्याच्या आईला म्हटलं होतं, "कळवतो." आपल्याकडे तोंडावर नाय म्हणत नाहीत, गप्प राहिलं की समोरचा समजून घेतो. निदान मी तरी तसंच धरून चाललो होतो.

त्याच भरात फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याच्या आईने उचलला. "बोला, बोला! आमी रोज वाट बघतोय. पोरगा तर फोन हातातून खाली ठेवत नाय."

सर, मी घसा खाकरला. आणि म्हटलं, "संध्याकाळी कळवतो."