रांगोळीत बुजलेलं वावर

माय, परवा जालन्याला एका प्रशिक्षणात मी पुन्हा त्या गावाची गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसलो, पाणी प्यालो आणि तुझी आठवण आली, म्हणून हे लिहायला घेतलं. तुला जाऊन आता इतकी वर्षं झालीत, की खरं सांगायला तुझ्याइतकं सोयीचं माणूस दुसरं उरलेलं नाही.

आधी माझं काम सांगतो. जिल्ह्यात कुठं कोणतं गवत, झाड, पाखरू उरलंय आणि ते राखून लोकांचं पोट कसं चालेल, याचा आराखडा करायचा होता, तोही गावोगावच्या लोकांना विचारून. तू म्हणाली असतीस, "गवतच बघायचं व्हतं तर शिकलास कशाला?" पण गवताचं मला तूच शिकवलंस. जालना जिल्हा झाला त्या साली आपण गायरानात ज्वारी पेरली होती. गायरान सरकारी, गावाच्या गुरांचं. आपल्या बौद्धवाड्यातल्या चार-सहा घरांनी त्यातला मुरमाड तुकडा फोडून वावर केलं होतं. बांधालगतचा मारवेल गवताचा पट्टा मी कापायला निघालो, तर तू पाठीत धपाटा घातलास. "लावरी बसलीय तिथं अंड्यांवर." मी म्हटलं, दोन ओळी ज्वारी वाढंल. "तुकडा तिच्याबी नावावर न्हाई अन् आपल्याबी न्हाई. मंग तिला उठवणारे आपण कोण?" तलाठी दरसाल अतिक्रमणाचा पंचनामा करून जायचा आणि तू तो कागद पिठाच्या डब्यामागं जपून ठेवायचीस. ज्या कागदात आपल्यालाच गुन्हेगार ठरवलंय तो कोण सांभाळतं, असं मला वाटायचं. "आपण वाहतो हे सरकारनंच लिवलंय," एवढंच तू म्हणायचीस.

ते गाव भोकरदन तालुक्यातलं. सभा सकाळी, देवळापुढं. लोकांनी जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला: निळी नदी, पिवळी वावरं, हिरवं गवत. गायरानाची पाळी आली तेव्हा एक वयस्कर पाटील म्हणाले, "ते समदं गवतच हाये, साहेब. हिरवं भरा." वाईट माणूस नव्हता, चहा त्यांच्याच घरून आला होता. पण येताना मी त्या माळावर गुडघाभर ज्वारी पाहिली होती. विचारलं, "तिथं कोणी पेरतं का?" "कोणी न्हाई. अतिक्रमण हाये." माणसं हसली. मी आणखी खोदून विचारलं असतं, तर साहेब कुठले, कोणाचे, हे निघणार होतं. ते मला नको होतं. मी रंगाची पिशवी उचलली आणि माळ माझ्याच हातानं हिरवा भरला. आराखडा मंजूर झाला असता तर तो सगळा माळ कुरण म्हणून राखीव होणार होता आणि पेरणाऱ्यांना उठावं लागणार होतं. हे मला ठाऊक होतं, माय.

एसटीच्या थांब्यावर एक बाई गाठ पडली, हातात खुरपं. "सभेत आमचं वावर लिवलं का, साहेब? आम्हाला कोणी सांगितलंच न्हाई. आम्ही निंदायला गेल्तो." परत येतो म्हणालो आणि पंधरा दिवसांनी खरंच गेलो, संध्याकाळी, त्यांच्या वस्तीत. तिनं फडक्यात बांधलेले पंचनामे माझ्यापुढं ठेवले. वस्तीतल्या माणसांनी मला माळ फिरवून दाखवला. वावरांच्या मधून त्यांनीही गवताचे पट्टे सोडले होते, शेळ्यांसाठी, केरसुणीसाठी. नकाशा नव्यानं झाला, वावरं पिवळी आणि पट्टे हिरवे. गवत पेरणाऱ्यांनीच राखायचं, असं आराखड्यात लिहिलं गेलं आणि तालुक्याच्या बैठकीत ते मान्यही झालं.

टाळ्या मिळतात त्या या दुसऱ्या सभेला. सांगताना मी दोन गोष्टी गाळतो. एक, पहिलं हिरवं गावकऱ्यांनी भरलं असं सांगतो. दुसरी माझ्या बायकोलाही माहीत नाही, म्हणून हा कागद घरातल्या कोणाच्या हाती मी लागू देणार नाही. पंचनामे परत बांधताना ती बाई म्हणाली, "तुम्हाला या कागदाची किंमत बराबर कळती. तुमच्याबी घरी गायरान व्हतं का?" शेजारी माझ्यासोबत आलेले तालुक्याचे अधिकारी उभे होते. मी म्हटलं, "नाही. आमची आई शाळेत शिक्षिका होती." लाज वाटते, माय, अजून वाटते. तिला मात्र ते लगेच पटलं.

"तरीच," ती म्हणाली. "शिकलेल्या माईचं लेकरू हाये."