मी रुळले की नाही

प्रिय साहेब,

तुझ्या घरात आईपासून मोलकरणीपर्यंत सगळे तुला साहेबच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करते. पत्रात तुला मध्येच तोडता येणार नाही, एवढ्याचसाठी हे पत्र. दर रविवारी तुझा पहिला प्रश्न ठरलेला, रुळलीस का? आणि लगेच दुसरा, पुढच्या वर्षाचं काय झालं? तर नीट ऐक. कृत्रिम पाय बनवण्याचं हे शिक्षण एका वर्षात आटोपतं घेता येतं किंवा दोन वर्षं करता येतं. पहिल्या वर्षी नुसतं प्लास्टर कालवायचं आणि साचे घासायचे, खऱ्या माणसाच्या पायाला हात लागतो तो दुसऱ्या वर्षी. पण ज्या घरात आपण राहतो त्या घराने 'मुलगी रुळली' असं मला इथे पाठवणाऱ्या संस्थेला कळवलं तरच दुसरं वर्ष, नाहीतर परतीचं विमान. म्हणजे शिकायचं मी आणि पास करायचं यजमानांनी.

आणि यजमान तरी कसे! नवऱ्याला मी मनातल्या मनात सभापती म्हणते. इमारतींच्या लिफ्ट तपासायची नोकरी आहे त्यांची, आणि माणूसही लिफ्टसारखाच, सरळ वर नाहीतर सरळ खाली, आडवं जाणं ठाऊक नाही. बायको आभारबाई. मीठ दिलं की आभार, मीठ परत दिलं की पुन्हा आभार. आपल्याकडे घरच्या माणसाचे एवढे आभार मानले तर तो विचारील, बाई, माझं काही चुकलं का? जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, तेही हौसेने वाढून घ्यायचं. न्हाणीघरात गालिचा अंथरलाय. मांजर जेवणाच्या टेबलावर बसतं त्याचं कुणाला काही नाही, पण मी हाताने जेवायला लागले की सगळे कौतुकाने टक लावून बघतात. मला ताप आला तेव्हा आभारबाई दाराबाहेर पाण्याची बाटली ठेवून गेल्या, का तर मला एकांत हवा असेल! कपाळावर कुणी हात ठेवल्याशिवाय ताप उतरतो हे मला इथे येऊन कळलं.

सगळ्यात वैताग म्हणजे त्यांची सभा. रोज जेवताना प्रत्येकाने दिवसभराचं सगळं सांगायचं, आणि ज्याच्याबद्दल जे वाटतं ते त्याच्या तोंडावर बोलायचं. मी आल्यावर काही दिवसांतच आभारबाईंनी भर टेबलावर सांगितलं, तू दार आपटतेस आणि तुझ्या आंघोळीनंतर आम्हाला गरम पाणी उरत नाही. एवढं बोलून शांतपणे लोणी मागितलं, आणि मिळाल्यावर आभार मानले. मी खोलीत जाऊन रडले. आपल्याकडे असं कुणी अंगावर येतं का? आपलं लग्न ठरल्यापासून तुझ्या आईला माझं काही खटकलं की ती तुझ्या आत्याला सांगते, आत्या माझ्या मावशीला, मावशी माझ्या आईला, आणि माझ्यापर्यंत पोचेपर्यंत राईचा पर्वत होऊन वर त्याला दोन झाडंही लागलेली असतात. पण निदान तोंडावर तरी सगळे गोड असतात. मला तीच माणुसकी वाटायची. जिथे पाठीमागे बोलता येत नाही ते घर कसलं, कचेरी आहे ती.

कामाचं म्हणशील तर गेल्या पंधरवड्यात आमच्या मास्तरीणबाईंनी पहिल्यांदा माझा साचा फोडला नाही. तोवरचे सगळे त्यांनी हातोडीने फोडून कचऱ्यात टाकले होते. हा मात्र त्यांनी खिडकीशी नेला, बोटं फिरवून पाहिला आणि फळीवर ठेवून दिला. मी तुला आनंदाने सांगितलं तर तू म्हणालास, छान, म्हणजे चांभारकामच की एक प्रकारचं. आणि मग तुझ्या बढतीबद्दल बोललास, बराच वेळ.

आता मंगळवारचं सांगते. सभापतींनी पाव कापता कापता आपला दिवस सांगायला घेतला. एका दवाखान्याची लिफ्ट बंद करायला लावली, नवे बूट लागतात, आणि दुपारी तुझा फोन आला होता. होय, तुझा. ती घरी किती वाजता येते, सोबत कोण असतं, कुणा मुलाचं नाव निघतं का, असं तू विचारलंस. तुमची मुलगी समजून लक्ष ठेवा म्हणालास, आणि यातलं तिला काही कळू देऊ नका, असंही. अरे, ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर निदान कुणाच्या दारात उभे आहोत ते बघावं! या माणसाला बायकोच्या वाढदिवसाची भेटसुद्धा लपवता येत नाही. 'तिला कळू देऊ नका' हेही त्यांनी नव्या बुटांच्याच सुरात सांगितलं. आभारबाईंनी विचारलं, हा तुझा कोण, वकील? आणि मी मूर्ख, मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, आमच्याकडे काळजी अशीच करतात. त्यांनी माहितीबद्दल माझे आभार मानले. लाजेने माझे कान तापले होते.

पण सभापतींचं संपलं नव्हतं. संस्थेकडून विचारणा होईल तेव्हा मुलगी रुळली नाही असं कळवा, अशी तू त्यांना विनंती केलीस. ती जेवत नाही, रडत असते, असं काहीतरी घाला, तिच्याच भल्याचं आहे, इकडे लग्न खोळंबलंय. त्यांनी तुला विचारलं म्हणे, ती रडते असं तिने तुम्हाला सांगितलं का? त्यावर तू म्हणालास, नाही, पण सांगायला काय हरकत आहे? साहेब, जो माणूस दोरात एक तार तुटकी दिसली तर अख्ख्या इमारतीला जिने चढायला लावतो, त्याच्याकडे तू खोटा दाखला मागितलास! आपल्याकडे हे काम एका फोनवर झालं असतं, वर कुणीतरी म्हणालं असतं, किती जपतो बघा पोरीला. सभापतींनी पाव खाली ठेवला आणि म्हणाले, उद्या मला संस्थेला कळवायचं आहे, काय कळवू ते तूच सांग.

म्हणून मी या लोकांची भक्त झाले असं समजू नकोस. जेवण अजून घशाखाली उतरत नाही, आणि इतकं खरं बोलणारी माणसं मला आजही अर्धवटच वाटतात. पण दर रविवारी 'रुळलीस का' विचारायचास तेव्हा मी इथे पलंगावर बसून सुखावायचे. वाटायचं, एक माणूस तरी आहे ज्याला माझी काळजी लागून राहिली आहे. तू नुसता माझ्या नापास होण्याची वाट बघत होतास. तुझी कीवही येत नाही, किळस येते. मी सभापतींना सांगितलं, रुळली म्हणून कळवा. त्यांनी विचारलं, खरं आहे का? मी म्हटलं, नाही, पण राहायचं मला आहे. त्यांनी संस्थेला अगदी तेच शब्द कळवले, 'रुळली नाही, पण राहायचं तिला आहे', आणि संस्थेने तेवढ्यावर मला दुसरं वर्ष दिलं. आपलं लग्न होणार नाही, हे मी आईबाबांना कालच सांगितलं आहे, तू आता तुझ्या घरी सांग. या घरात मी न रुळताही राहू शकते. तुझ्या घरात मला रुळल्याशिवाय कुणी राहू दिलं नसतं.

तुझीच होता होता वाचलेली,
मी