पहिलं वाक्य मी कापलं, मामाजी

मामाजी, पाया पडते.

आत्याबाई आत्ता जरा निजल्या, म्हणून लिहायला बसली. सासू निजल्यावर सासऱ्याला पत्र लिहायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं. एका घरात राहणारे कशाला पत्रं लिहितात! पण काल लोधीखेड्याहून एका बाईचा फोन आला, आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

विमलताई म्हणतात त्यांना. मोबाईलवरचा आपला कार्यक्रम 'गुरुवारचा बगीचा' दर आठवड्याला न चुकता पाहतात, सगळ्यांसारखं तुम्हाला काकाजी म्हणतात. त्यांच्या संत्र्याच्या झाडांना यंदा पहिल्यांदाच फळ धरलं. म्हणाल्या, "ताई, काकाजींनी पाणी तोडा म्हटलं, म्हून मी पाणी तोडलं. पंधरा दिवस झाले. आता वाटाण्याएवढे फळं झाडाखाली सडा पडल्यासारखे पडून राहिले. काकाजींले विचारून सांगा ना, काय करू?"

मी म्हटलं, पाणी लगेच सुरू करा, पण एकदम नको, थोडं थोडं द्या. त्या म्हणाल्या, "हाव, देतो. पण काकाजींले एकडाव विचारा." आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "विचारते."

विचारते! कोणाला विचारू, मामाजी? तुम्हाला जाऊन अडीच महिने होऊन राहिले. आपला कार्यक्रम पाहणाऱ्यांपैकी एकालाही ते माहीत नाही, कारण मी सांगितलंच नाही.

आठवते का, हा उद्योग आपण सुरू कसा केला? तुमचा मुलगा नोकरीसाठी सौंसरला, मी घरी मोबाईल घेऊन बसलेली, आणि तुम्ही सावरगावच्या संत्र्याच्या बगीच्यात झाडांशी बडबडत. एकदा गंमत म्हणून तुमची बडबड मोबाईलवर घेतली. दुसऱ्या दिवशी चार अनोळखी लोक विचारत होते, काकाजी पुन्हा कधी बोलणार? मी म्हटलं, मामाजी, हे दर आठवड्याला करू. तुम्ही म्हणाले, "मले अभिनय येत नाही बाप्पा!"

गुरुवार ठरवला, कारण गुरुवारी तुमचा उपास आणि तुम्ही गावाबाहेर जात नव्हते. मी शाळेच्या वहीत वर्षभराचे गुरुवार लिहून काढले. पुढे विषय, त्याच्यापुढे लोकांनी विचारलेला एक प्रश्न. मी म्हटलं, हिंदीत बोला, जास्त लोक पाहतील. तुम्ही म्हणाले, "माह्या झाडाले हिंदी समजत नाही." किती हसलो होतो आपण!

भांडलोही तेवढेच. मी म्हणायची, शेवटी थोडं राखून ठेवा, म्हणजे माणूस पुढच्या गुरुवारी परत येईल. तुम्हाला ते पटलं नाही ते नाहीच. "अर्धं सांगून माणसाले टांगून ठेवाचं? त्याचं झाड का आठ दिवस थांबते? पुरं सांग बेटा. त्याच्या झाडाले गुण आला तर तो येते, नाही तर नाही येत." मी तोंड फुगवून बसायची. खरं सांगू? तुमचंच खरं होतं. लोक त्याच्यासाठीच येत होते. थंडीत एक सांगावं, तर होळीपर्यंत झाड दुसरंच काही मागायचं, आणि लोक पुन्हा तुमच्या दारात.

मग जानेवारीतला तो दिवस. मी म्हटलं, एका दिवसात सहा भाग करून ठेवू, म्हणजे खंड पडणार नाही. सहा सदरे खाटेवर काढून ठेवले. दर भागाला सदरा बदल, दुपट्टा बदल. उन्हाळ्यात दिसणारा भाग आहे म्हणून मी तुम्हाला स्वेटर काढायला लावला. हाताला काटा आला होता तुमच्या! मी म्हटलं, मामाजी, पाचच मिनिटं. ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. आणि तुम्ही थरथरत म्हणाले, "आज बोलाचं अन् दोन महिन्यांनी दाखवाचं, हे काही बरोबर नाही बेटा. झाडाचं काम आजचं आज रायते." मी ऐकलं का? कॅमेऱ्यामागून फक्त "झालं, आता बोला" म्हटलं.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही तरी किती लपवलं! छातीत दुखत होतं तर सांगता येत नव्हतं का? "गॅस असन" म्हणून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आली, तर तुम्ही हातपाय गार पडून बसलेले. याचा राग आहे मला, मामाजी. अजून आहे.

तेरवी गुरुवारी आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, आत्याबाईंना बायका धरून बसलेल्या, आणि मी मागच्या खोलीत जाऊन त्या सहांतला तुमचा एक भाग मोबाईलवर टाकला. निळा सदरा. लोकांनी लिहिलं, काकाजी, आज मस्त दिसून राहिले. मला काय झालं कोण जाणे, मी खाली उत्तर दिलं, "धन्यवाद, राम राम." तुमच्या नावानं! त्या दिवशी साऱ्या घरात तुम्ही गेलेले आणि त्या मोबाईलमध्ये तेवढे मस्त दिसून राहिलेले. मला तेच सोयीचं वाटलं.

मग ती सवय पडली. दर गुरुवारी तुम्ही बोलायचे, दर शुक्रवारी मी तुमच्या नावानं उत्तरं द्यायची. तुमचा मुलगा एकदा म्हणाला, "आता सांगून टाक ना." मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी. थकली हो मी. तुमचा आवाज दिवसभर कानात घेऊन बसायचं, खोकला कापायचा, श्वास कापायचा, आणि संध्याकाळी आत्याबाईंना विचारायचं, भाजी काय करू. एखाद्या दिवशी वाटते मोबाईल विहिरीत फेकून द्यावा.

सहाही भाग संपले. तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. पण नाही! मी जुनं शोधत बसली. मागच्या उन्हाळ्यातला एक भाग सापडला, पाऊस लवकर आला म्हणून टाकायचा राहून गेलेला. मृग बहाराचा. पावसाळ्यात फूल यावं म्हणून झाडाला ताण देण्याचा. तुम्ही त्यात सांगता, आता पाणी तोडा, पाऊस येईपर्यंत झाडाले तहानेलं राहू द्या, मंग पाहा कसं फुलते.

पण मामाजी, सुरुवातीला तुम्ही एक वाक्य बोलले होते. "ज्याच्या झाडावर आता काहीच फळ नाही अन् ज्याले मृग धराचा आहे, त्याच्यासाठीच हे. बाकीच्याइनं आज घरी बसा." ते मी कापलं. लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जातात, आणि तुम्ही पहिल्याच वाक्यात त्यांना घरी बसायला सांगून राहिले! मी थेट "पाणी तोडा" पासून सुरू केलं. छान दिसलं. खूप जणांनी पाहिलं. जुन्या माणसाला कळते की फळ असलेल्या झाडाचं पाणी तोडत नसतात. विमलताईंना कोण सांगेल? नव्या बाई, यंदाच अंबिया बहाराचं, थंडीत फुललेलं पहिलं फळ, आणि काकाजींवर भरवसा. दुसऱ्या कोणाचं ऐकलंच नाही त्यांनी.

तुम्ही जिवंत असते तर त्याच संध्याकाळी कोणी ना कोणी फोन केला असता, आणि तुम्ही ओरडले असते, "अवं माय, फळावर आहे ना झाड, पाणी सोड आधी!" मेलेल्या माणसाला चूक सुधारता येत नाही. ती चूक तुमचीही नव्हती, माझी होती, पण लोकांना तोंड तुमचं दिसलं. लोधीखेड्यात आज एक बाई झाडाखालची फळं वेचत असेल आणि मनात म्हणत असेल, काकाजी असं कसं चुकले? मला हे सहन होत नाही, मामाजी. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण तुम्हाला कोणी असं म्हटलेलं नाही चालत मला.

तो भाग मी काल काढून टाकला. खाली लिहिणार होती, काकाजींची तब्येत बरी नाही. अर्धं लिहिलंही होतं. पुसलं.

एक गोष्ट तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला नाही सांगितली. तुम्ही गेल्यापासून "मामाजी गेले" हे शब्द मी एकदाही तोंडानं म्हटलेले नाहीत. घरी येणाऱ्यांना ते आधीच माहीत असायचं, माहेरी तुमच्या मुलानं कळवलं, आणि बाकीच्यांसाठी तुम्ही दर गुरुवारी होतेच.

उद्या सकाळच्या गाडीनं लोधीखेड्याला जाते. फोनवर नाही सांगत. विमलताईंच्या बगीच्यात, त्या फळांच्या सड्यात उभी राहून सांगीन, की काकाजींनी ते वाक्य सांगितलं होतं, मीच ते कापलं. आणि त्यांनी पुन्हा म्हटलं की काकाजींना विचारा, तर म्हणीन, मामाजी गेले. मग गुरुवारी तेच कॅमेऱ्यासमोर. चेहरा माझा, आवाज माझा. त्यात मी अडखळेन, रडेन, नाक ओढेन, लोक अर्ध्या मिनिटात उठून जातील तर जाऊ देत. वचन देते, मामाजी, त्यातलं एक अक्षर कापणार नाही.

तुमची सून,
रंजना