आठी रुतण्याआधीची सुई

आबा, तुमच्या दोन भुवयांमध्ये जी उभी आठी असे, ती तुमच्या नातीच्या कपाळावर उमटू लागली होती, आणि तिने ती औरंगाबादच्या एका दवाखान्यात सुई टोचून थांबवली. एवढे सांगण्यासाठी मी सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती; आता एकोणतिसाची आहे, जालन्याला विम्याच्या कचेरीत खिडकीवर बसते. समोर येणारा जो तो तिला विचारी, "मॅडम, रागावल्या का?" ती रागावलेली नसे. तो तुमचा चेहरा होता.

मागच्या श्रावणात ती रजा काढून घरी आली. स्वयंपाकघरात आम्ही तिघे शेंगा फोडत बसलो आहोत आणि ती सहज सांगते आहे. हा आजार आहे का, असे मी विचारतो. "आजार न्हाई, बाबा. आठी कायमची रुतायच्या आधीच थोडं थोडं औषध टोचायचं, मंग ती जागा आकसत न्हाई. लई कमी डोस असतो. तीन-चार महिन्यांत असर उतरतो, की परत जायचं." "आणि नाही गेलीस तर?" "तर आजोबांसारखी दिसन, तुम्हीच म्हणता ना." तिची आई हसली. मी म्हणालो, देह हे वस्त्र आहे, जीर्ण होणे हा त्याचा धर्मच आहे. तिने मान वर न करता विचारले, "मंग तुम्ही पोथीच्या आदल्या दिवशी मिशीला कलप लावून राह्यले होते, ते कोणत्या अध्यायात हाय?" याचे उत्तर मला दोन दिवसांनी सुचले, आणि नको तिथे सुचले.

मंदिरात पोथी लागली होती. एकाने ओवी वाचायची आणि मी तुमच्या जागी बसून तिचा अर्थ सांगायचा, हा क्रम अजून तोच आहे. देहाच्या अनित्यतेचा अध्याय आला. ऐकणारे पेंगत होते, म्हणून मी दृष्टान्त दिला: एका बापाची शिकलेली लेक, काळ आत येऊ नये म्हणून कपाळाला सुया टोचून घेते, काळ म्हणतो, बाई, पुढचे दार लावलेस, मी परसातून येतो. लोक खळखळून हसले. बायकांतून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "पाहू बरं पोरी, कुठं टोचलं?" माझी लेक तिच्या शेजारीच बसली होती. तिने मान खाली घातली नाही. आरतीपर्यंत बसली, प्रसाद घेतला आणि सकाळच्या गाडीने गेली. तेव्हापासून ती आईशी बोलते, माझ्याशी नाही.

तुम्ही मला एकदाच रागे भरला होतात. मी विशीत होतो; त्या दिवशी ओवी तुम्ही वाचत होतात आणि अर्थ सांगायला मला बसवले होते. लोभावर बोलताना मी गावातल्याच किराणेवाल्याच्या तराजूचा दृष्टान्त दिला, आणि तुम्ही ओवी अर्धी टाकून पोथी कापडात बांधलीत. घरी आल्यावर म्हणालात, "दृष्टान्त पोथीतला द्यावा. गावातला दिला की लोक देवाला सोडून त्या घराकडं पाहतेत." दुसऱ्या दिवशी मला त्याच्या दुकानी नेलेत, आणि मी नुसता उभा राहिलो तेव्हा माझ्याऐवजी तुम्हीच हात जोडलेत. मला ते फार सोयीचे झाले. तेव्हा शिकायचे ते मी शिकलोच नाही.

वर्षभर मी स्वतःला समजावतो आहे की मी शास्त्राच्या बाजूने बोललो. ते खरे नाही. तुमचा एकुलता एक फोटो ओलीने केव्हाच गेला. तुमची ती आठी जिवंत कपाळावर फक्त तिच्याकडे उरली होती, आणि ती मिटते आहे हे मला सोसवले नाही. देहाचा मोह मला होता. तिला फक्त रागीट दिसायचे नव्हते. हे मनात दडवून मी साऱ्या गावासमोर तिला वैराग्य शिकवले. हे पत्र खरे तर तिच्या पत्त्यावर जायला हवे. तुम्हाला लिहितो आहे, कारण तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही.

यंदाची पोथी परवा लागते. मला त्या जागी बसवेना, म्हणून घसा बसल्याचे मी मंदिरात कळवले. ते जालन्यापर्यंत गेले. काल दुपारी मोबाईल वाजला. "बाबा, मिठाच्या गुळण्या करा, हळद टाकून. दोन दिवसांत बराबर न्हाई वाटलं तर डॉक्टरला दाखवा. अंगावर काढू नका." वर्षभरानंतर ऐकला तो आवाज. क्षमा मागण्याचे वाक्य मी कधीचे जुळवून ठेवले होते, ते ओठापर्यंत आलेही. पण बाप धडधाकट आहे असे कळताच ती फोन ठेवून देईल, असे वाटले.

आबा, माझा घसा उत्तम आहे. ती बोलायची थांबली, तेव्हा मी दोनदा खोकलो.