लोड घेऊ नकोस

प्रिय मेहुलदादा,

समोर एक माणूस गवत कापायचं मशीन चालवतोय आणि मी बाकड्यावर बसून मांडीवर कागद धरून लिहितेय, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी 'आई' म्हणते न म्हणते तोच तुझं सुरू होतं, लोड घेऊ नकोस गं, मी बघतो काहीतरी. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. आज आईचं काय ते ठरवायचंय आणि या वेळी ते मी ठरवलंय, एवढं आधीच सांगून ठेवते. बाकीचं सावकाश वाच.

माझी नोकरी नक्की काय आहे हे तुला कधी कळलंच नाही. चारुतावहिनी तिच्या माहेरी सांगते की आमची नणंद बोईसरला पंख्याच्या कारखान्यात आहे. पंखे नाहीत रे. आम्ही मोठ्या मैदानांचं गवत कापायची मशीन बनवतो. माणूस वर बसून चालवतो आणि खाली पाच कटर असतात, तीन पुढे, दोन मागे. प्रत्येक कटरला स्वतःची मोटर, पण बॅटरी सगळ्यांत मिळून एकच. गवत सुकं असेल तर पाचही जण मजेत चालतात. ओलं, दाट गवत आलं की प्रत्येक मोटर जास्त करंट मागायला लागते, आणि सगळ्यांनी एकदम मागितलं की बॅटरी ट्रिप होते आणि मशीन मैदानाच्या मधोमध बसतं. ते बसू नये म्हणून मध्ये एक कंट्रोलर असतो. कुणाला किती द्यायचं, कुणाला हळू करायचं, गाडीचा वेग कधी कमी करायचा, हे तो ठरवतो. तो नीट ठरवतो का, हे तपासणं माझं काम. सोपं आहे ना? तुला सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण तू विचारलंच नाहीस.

गेल्या पावसाळ्यात पालघरच्या एका मैदानावर आम्ही मशीन टेस्टिंगला नेलं. गवत घोट्याच्या वर आणि चिंब भिजलेलं. चार कटर कण्हायला लागले, कंट्रोलरने त्यांना हळू केलं. तीन नंबरचा तेवढा छान चालला होता. आमचे प्रतापसर खूश, म्हणाले बघा हा कसा खेचतोय. मला आवाज आवडला नाही म्हणून मशीन थांबवलं आणि मोटरवर हात ठेवला, तर तळवा भाजला. त्याचा सेन्सर बिघडलेला होता. आतून मोटर जळत होती आणि सेन्सर सांगत होता, काही नाही, मजेत आहे. म्हणून कंट्रोलर इतरांचा भार त्याच्यावरच ढकलत राहिला. उघडलं तेव्हा आतलं तांब्याच्या तारांचं वाइंडिंग काळं झालेलं, आणि जळल्याचा वास घरी जाऊन अंघोळ केली तरी गेला नाही. आता यात तुला स्वतःचं काही दिसलं तर लोड घेऊ नकोस. मी मशीनबद्दलच बोलतेय. मीही तुला 'चाललंय' एवढंच सांगत आले, हे मान्य. पण कंट्रोलरला डोळे नसतात, दादा. तुला होते. वापी काय सातासमुद्रापलीकडे आहे? डहाणू ओलांडलं की आलंच.

बाबा गेल्यावर मी आईला घिवलीच्या घरून बोईसरच्या खोलीवर आणलं, तेव्हा तू म्हणालास, दिवाळीपर्यंत सांभाळ, मग मी घेऊन जातो. कुठली दिवाळी ते म्हणाला नव्हतास, चूक माझीच. दिवाळीला तू घड्याळ पाठवलंस, त्यावर मुलांचा फोटो छापलेलं. आई त्या घड्याळाशी बोलते. त्याला जेवायला बोलावते. मी पापलेट आणलं की मधली तुकडी काढून ठेवते, मेहुलला ठेव म्हणते, आणि मी ठेवत नाही असं वाटलं की स्वतः उशीखाली लपवते. दोन दिवसांनी वासावरून शोधायची आणि चादरी धुवायच्या. तुझ्या वाटणीची मासळी मी अशी किती वेळा गटारात टाकली असेल, मोजलं नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. आपल्याकडे लेकीला बाय म्हणतात. आई मला जन्मभर बायच म्हणत आली, जागृती हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर. अजूनही बायच म्हणते. बाय, पानी दे. बाय, पाय चेप. मी म्हटलं चला, बाकी सगळं विसरली तरी मला विसरली नाही. मग एके दिवशी घरमालकीण नलूकाकी डोकावली तर आई तिला माझ्यासमोर सांगते, ही बाय मेहुलनी पाटवलेली हाय, कामाला चांगली हाय, पन तोंडानं जरा फटकळ हाय. मी हातात तिचं ओलं लुगडं घेऊन उभी. कधीपासून मी लेक नाही, तू कामाला ठेवलेली बाई आहे, हे मला कळलंच नव्हतं. शब्द तोच राहिला ना, कळणार कसं?

मी कामावर जाताना दाराला बाहेरून कडी घालते. ऐकून कसंतरी वाटलं ना? वाटू दे. आधी घालत नव्हते, तर आई होडी बघायला म्हणून निघाली आणि शिफ्टच्या बसखाली येता येता वाचली. मागच्या महिन्यात घरी आले तर दार आतून ठोकून ठोकून तिच्या हाताची सालटं निघालेली. हळद लावायला बसले तर तिने हात झिडकारला. मेहुलला सांगन, म्हणाली, तुला काडून टाकील. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बरं वाटलं. म्हटलं सांग गं बाई, खरंच सांग, काढून टाकू दे मला. त्याच संध्याकाळी तुला फोन लावला होता, आठवतंय? तू हॉटेलात होतास, मागे ताटांचा आवाज येत होता. लोड घेऊ नकोस, म्हणालास. मग मी नाहीच घेतला.

तीन नंबर जळल्यावर आम्ही नियम बदलला. आता प्रत्येक मोटरवर तापमान मोजणारं वेगळं यंत्र लावलंय. जो कटर तापेल तो आधी बंद. बाकीच्यांवर भार पडला तर पडू दे, गवताची एक पट्टी राहिली तर राहू दे. प्रतापसरांना हा नियम पटला नव्हता, मैदानावर पट्टी दिसते म्हणाले. मी म्हटलं, सर, दिसूच दे. आता ते मशीन इंदूरला जाणार आहे, पूर्ण मोसमासाठी, आणि सोबत टेस्टिंगचं माणूस हवंय. मला दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं, कारण तुला माहीत आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हो म्हटलं. परवा निघायचंय.

तर ऐक. तिला भात मऊ लागतो आणि मासा काटे काढून. बाथरूमची आतली कडी काढून टाक. रात्री दिवा चालू ठेवायचा, नाहीतर ती समुद्र आत आला म्हणून ओरडते. गोळ्या सांगते घेतल्या, पण गालात धरून ठेवते, तोंड उघडून बघायचं. वहिनीला वास सहन होत नाही हे माहीत असूनही तिच्या पिशवीत सुके बोंबील टाकलेत, कारण त्याशिवाय ती जेवत नाही. मला शिव्या द्यायच्या तर दे. मुलगी म्हणून माझ्याकडे जे काही होतं ते सगळं देऊन झालंय, आता शिव्या खायची तयारी तेवढी उरली आहे.

हे मशीन चालवणारा तुमच्याच सोसायटीचा माळी आहे, दादा. तुमच्याच बिल्डिंगखालचं लॉन. त्याने ओल्या गवतात दामटून ठेवलंय, मोटर रडतेय, त्याला कुणीतरी सांगा. आई माझ्या शेजारी बसली आहे, केस विंचरून, निळं लुगडं नेसून, तोंडात पेपरमिंट. तू बोलावलंस असं मी तिला सांगितलं, तर काल दिवसभर ती मला एकदाही ओरडली नाही. वर येऊन बेल वाजवणार नव्हतेच. वहिनी दार उघडेल, चहा करेल, आणि चहा पिऊन मी आईला परत घेऊन जाईन, माझा भरवसा नाही. वॉचमनला सांगितलंय, मी गेटबाहेर पडले की वर फोन लाव आणि हा कागद साहेबांच्याच हातात दे. एवढं लिहितेय तर आईने आत्ताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. किती दिवसांनी ती माझ्याशी असं गोड बोलली. म्हणाली, माज्या मेहुलचं घर आला, आता मी बसतंय हितं. तू जा बाय, तुजी आय वाट बगत असल. मी बरं म्हटलं, आणि आता उठते.

तुझीच,
तू पाठवलेली बाय