दंडारीतली डॉक्टरीणबाई

जि. भंडारा,
२४ नोव्हेंबर १९८२

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा वाटेतच चुरा झाला, तरी संपल्या. धानकापणी जोरात आहे, त्यामुळे दवाखान्यात गर्दी कमी. आईचंही वेगळं पत्र आलं. त्याबद्दल मागाहून लिहिते.

तुम्ही विचारलंत, हाताखालची माणसं ऐकतात का. ऐकतात. "हो बाई" याशिवाय शब्द नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी आत शिरले की बोलणं बंद. कंपाउंडर टेकचंद खिडकीबाहेर बघतो, नर्स कुंताबाई उगाच कापसाचे बोळे वळत बसतात. संध्याकाळी सगळे शाळेमागं जमायचे आणि मी दिसले की पांगायचे.

त्यातच कुंताबाईंनी इंजेक्शन दिलेल्या पोरांना गळवं यायला लागली. एकाची मांडी एवढी सुजली की त्याला भंडाऱ्याला हलवावं लागलं. विचारलं तर सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली. मी आल्या आल्याच कुंताबाईंना पेशंटांसमोर झापलं होतं. त्याचाच हा सूड, मला बदनाम करायचा कट, असं मी धरून चालले. त्यांची बदली मागायचं नक्की केलं.

गेल्या आठवड्यात गावची मंडई झाली. दिवाळीनंतर इथं जत्रा भरते तिला मंडई म्हणतात. त्यात दुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचं सोंग. शाळेमागं चालायची ती त्याचीच तालीम. टेकचंद लुगडं नेसून, माझ्यासारखा चष्मा लावून आला तेव्हाच लोक हसायला लागले. समोर नर्स झालेला आमचा शिपाई श्यामराव हात जोडून म्हणाला,

"बाई, स्टोव्ह बिघडला जी. सुया उकळूनच नाही राहिल्या."

"मला शिकवू नका. कामाला लागा."

"पन बाई, पोराइले गळवं येऊन राहिले..."

"मला शिकवू नका!"

लोक हसून लोटपोट झाले. शब्द माझेच होते, स्वरही माझा. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाईंना एकट्यांना बोलावलं. म्हणाल्या, "तुमी पुरं आयकूनच नाही घेत जी. मंग सांगाव कसं? म्हनून टेकचंदले म्हटलं, दंडारीतच घे." तोवर त्या सुया चहाच्या टपरीवरच्या गरम पाण्यानं नुसत्या धूत होत्या.

स्टोव्ह नवा आणला. आता काम सुरू करण्याआधी सगळ्यांचं ऐकून घेते. ते अजून चाचरत बोलतात, आणि खरं सांगते, माझाही संशय पुरता फिटलेला नाही. तो पोरगा अजून भंडाऱ्यालाच आहे.

बाबा, धाक ठेव, हे तुम्हीच सांगून पाठवलं होतंत. आपल्या घरातही तो आहे. आईच्या छातीत गाठ आहे, उन्हाळ्यापासून. मला लिहिलंय आणि बजावलंय, "यांना कळू देऊ नकोस, रागावतील." तिला दिलेला शब्द मी मोडते आहे. तिला लगेच नागपूरला घेऊन या, मी तिथं येते. पण निघायच्या आधी तिला जवळ बसवून विचारा, आणि तिचं संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

हे लिहितानाही तुम्हाला भिणारी,
चंद्रकांता