डफ आणि अंगठी

रेम्बाऊ, दि. ३ मार्च १९८८

नोरशिदाह बिन्ती उजांग हीस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझ्या निधनास ऐंशी दिवस झाले. पत्र पोहोचणार नाही, हे मी जाणतो. तथापि निवेदन आवश्यक आहे.

तुझ्या भाचीच्या, मर्लियाच्या, लग्नात तुझ्या सहा शिष्यांनी बशीनृत्य करावे, असा शब्द तू दिला होतास. म्हणून सराव मी घेत आहे. तुझ्या नृत्याला एकतीस वर्षे डफ माझाच होता. ताल माझ्या हाती आहे, असा माझा समज. परंतु मुलींच्या बोटांतील अंगठ्या बशीवर माझ्याआधी वाजतात, मी त्यांना थांबवतो, त्या गोंधळतात आणि बशा फुटतात. गुरुजी, डफ वाजवताय की हजेरी घेताय, असे थोरल्या सुरायाने विचारले. लग्न दहा दिवसांवर आहे. माझ्या हातून तुझा शब्द मोडेल, ही भीती वाटते. मर्लियाच्या आईला, मैमोनलाही, कळवले आहे.

तुझा,
बहारोम बिन काहार

सेरेम्बान, दि. ८ मार्च

ती. भावोजींस मैमोनचा सलाम वि. वि.

तुमचं पत्र वाचून आमची नवरी हसून लोळली. रागावू नका, पण डफ पुढे कधी नव्हताच हो! ताईची अंगठी आधी वाजायची, तुम्ही मागून यायचात. सांग की त्यांना, असं मी म्हटलं, तर ताई म्हणाली, राहू दे गं, हेडमास्तर आहेत, आपण पुढे आहोत असं वाटलं की छान वाजवतात. आता मुकाट्याने सुरायाची अंगठी ऐका.

आणि आपल्यात घर घराण्यातल्या लेकींकडे जातं, म्हणून ताईचं घर मर्लियाचं होणार, हे खरं. पण तुम्हाला जा कोण म्हणतंय? उगाच बोचकी बांधू नका. राग गिळा, लोभ ठेवा.

मेहुणी मैमोन

रेम्बाऊ, दि. १४ मार्च

नोरशिदाह बिन्ती उजांग हीस,
सप्रेम सलाम वि. वि.

काल नृत्य झाले. मी मान खाली घालून केवळ ऐकले. प्रथम सुरायाची अंगठी, मग मी. मुली गुडघ्यांवर बसून, तळहातांवर बशा तोलत मागे वाकल्या, तेथे अंगठी मंदावली, मीही मंदावलो. एकही बशी पडली नाही. मैमोन रडली, आणि डोळे पुसता पुसता म्हणाली की, भावोजी, आज मास्तर वर्गात वेळेवर आले. मी हसलो. मोठ्याने हसलो, हे नमूद करतो.

मर्लियाने राहण्याचा आग्रह धरला. परंतु नव्या संसारास घर मोकळे हवे. मी जेलेबूस बहिणीकडे निघालो आहे. मुली दर शुक्रवारी तेथे सरावास येणार आहेत. त्यांना माझी गरज आहे, असे त्या म्हणतात. मीही तसेच मानून घेतो.

तुझा लोभ किती होता, हे मैमोनच्या पत्रावरून समजले.

तुझा,
बहारोम

ता. क. सकाळी नऊ वाजता दारास कुलूप लावले व किल्ल्या मैमोनच्या हाती परत केल्या.